कच्च्या कागदावरचा थेंब

पाण्याचा थेंब ठेवायचा, त्यात एवढं काय, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा ठेवून बघावा. टाकायचा नाही, ठेवायचा. सिरिंजच्या बारीक सुईला थेंब लोंबता ठेवून सुई हळूहळू खाली न्यायची, थेंबाचं बूड खालच्या वस्तूला जेमतेम टेकलं की तो तिथं सोडायचा आणि सुई वर काढून घ्यायची. वरून पडला तर तो आपटतो, पसरतो, आणि मग त्याच्याकडे बघून काहीच सांगता येत नाही. तुम्ही-आम्ही हे करायला बसलो तर अख्खी सकाळ टेबल पुसण्यात जाईल.

थेंबेकाकांनी हे काम उभा जन्म केलं. थेंबे हे त्यांचं आडनाव नव्हे, हे आधी सांगितलेलं बरं. खरं आडनाव वेगळं होतं, पण त्या नावानं कुणी चौकशी करत आलं तर संस्थेच्या फाटकावरचा पहारेकरी डोकं खाजवायचा आणि शेवटी म्हणायचा, "थेंबेकाका म्हणा की मग!"

संशोधन संस्थेत ते काचसामान धुवायला म्हणून लागले होते. तेव्हाच्या जुन्या मेस्त्रींनी त्यांची बीकर पालथी घालायची पद्धत बघितली, आवाज न करता, एकावर एक न टेकवता, आणि त्यांना मोरीपासून उचलून टेबलापाशी बसवलं. दगडी फरशीचं जड टेबल होतं ते, रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलू नये म्हणून. त्या टेबलावरून मग काय काय गेलं! रंगाचे पत्रे, रेनकोटाचं कापड, मेणकागद, चष्म्याच्या काचा. पाणी चिकटावं असं ज्याच्याबद्दल कुणाला वाटत होतं, आणि चिकटू नये असं ज्याच्याबद्दल वाटत होतं, ते सगळं काकांकडे यायचं.

काका थेंब ठेवायचे, बाजूचा कॅमेरा फोटो काढायचा आणि पडद्यावर थेंबाची कड खालच्या रेघेला जिथं मिळते तिथला कोन मोजायचा. थेंब टम्म गोल बसला तर कोन मोठा. पसरून चपटा झाला तर लहान. "मोठा कोन म्हणजे वस्तू पाण्याला नाही म्हणतेय, लहान म्हणजे हो म्हणतेय," काका नव्या मुलांना सांगायचे. "याच्यापुढचं सगळं सरांच्या व्याख्यानात. तिथं झोप लागली तर मला सांगू नका."

सर म्हणजे विभागाचे मोठे सर. त्यांनी एकदा थेंब सोडणारं मोटारीचं यंत्र मागवायचं काढलं होतं. काका म्हणाले, "कशाला सर? माझा हात काय मोडलाय?" सर हसले आणि यंत्राऐवजी नवा कॅमेरा आला. बाहेरून पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम या टेबलापाशी आणायचे. या कामात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. निवृत्तीचं वय झालं तेव्हा निरोप समारंभ झाला, शाल मिळाली, आणि पुढच्या सोमवारी काका पुन्हा टेबलापाशी हजर. दर वर्षी मुदत वाढत गेली, कारण थेंब कोण ठेवणार?

घरी काकू म्हणायच्या, "माझा जन्म घर सांभाळण्यात गेला, तुमचा पाण्याचे थेंब. बसा आता घरी." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. खरी गोष्ट अशी होती की त्या टेबलावाचून आपण कोण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

अलीकडच्या वर्षांत टेबलावर कार्बन आला होता. कार्बनच्या नळ्या, केसाच्या कितीतरी हजाराव्या भागाएवढ्या, नुसत्या डोळ्याला काळी पूडच दिसायची. ती पाण्यात घोळून गाळली की तिचा काळा, लवचीक कागद तयार व्हायचा. या कागदातून पाणी गाळता येईल, खारट पाणी गोड करता येईल, अशी सगळ्यांना आशा होती. पण हा कागद पाण्याला जवळच करेना. थेंब त्याच्यावर मण्यासारखा बसायचा. जे पाण्याला आत घेत नाही ते पाणी गाळणार कसं? म्हणून त्याच्या पृष्ठभागावर ट्रीटमेंट करायची. कडक आम्लात उकळला की नळ्यांना ऑक्सिजन चिकटतो आणि पाणी आत शिरतं, पण त्यात नळ्या तुटतात आणि कागदाचे तुकडे हातात येतात.

धाकट्या मॅडमचं म्हणणं होतं की एवढं झोडपायची गरज नाही. ही विभागातली सगळ्यात लहान, पीएचडी करणारी मुलगी. शिपायानं तिला पहिल्या दिवशी गमतीनं धाकट्या मॅडम म्हटलं आणि तेच राहिलं. ती काचेच्या डब्यातली हवा उपसायची, थोडा ऑक्सिजन सोडायची आणि विजेनं त्याचा जांभळा उजेड पेटवायची. त्या उजेडात कागद अगदी थोडा वेळ ठेवायचा, बस. नळ्या शाबूत राहतील आणि पाणीही आत जाईल, असा तिचा दावा होता. तिच्या पदवीचं सगळं याच्यावर उभं होतं.

मोजणं मात्र तिच्याकडे नव्हतं. ज्यानं बनवलं त्यानं मोजायचं नाही, हा मोठ्या सरांचा नियम. आपल्या हातच्या वस्तूकडे माणूस प्रेमानं बघतो, आणि प्रेमानं कोन वाचता येत नाही, असं ते म्हणत. तेव्हा तिचे कागद काकांकडे यायचे.

आणि काकांचा हात त्याच सुमाराला थरथरू लागला होता.

हात मांडीवर असला की शहाणा. पेपर वाचताना, चालताना काही नाही. पण सिरिंज धरून सुई खाली नेली की मनगटात काहीतरी फडफडायचं. सुरुवातीला त्यांनी चहाला दोष दिला, मग झोपेला, मग थंडीला. मग डाव्या हातानं उजवं मनगट धरून थेंब ठेवू लागले. टेबल कोपऱ्यात, पाठ दाराकडे, त्यामुळे कुणाला दिसायचं नाही. थेंब टेकायच्या आधीच सुटायचा, कधी सुईचं टोक त्याला वरून दाबायचं. पण फोटो थेंब बसल्यावरचा, त्यात हात कुठे दिसतो?

फोटोत थेंब चपटे दिसत होते. धाकट्या मॅडमचा जांभळा उजेड काम करतोय! तिनं पहिले आकडे बघितले तेव्हा ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत कॉरिडॉरभर धावली होती. सरांनी पेढीवरच्या माणसासारखे आकडे दोनदा तपासले आणि मान डोलावली. काकांनाही मनापासून आनंद झाला. हा आनंद खोटा नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आता त्यांच्या बाजूनं नसलेली गोष्ट. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कच्च्या कागदावर, म्हणजे ट्रीटमेंट न दिलेल्या कागदावर, एक थेंब ठेवायचा अशी पद्धत होती. तो गोल बसला की सगळं जागच्या जागी आहे असं समजायचं. काकांनी ते कधीच सोडून दिलं होतं. कच्च्याचा आकडा त्यांना तोंडपाठ होता, रोज तोच यायचा, मग कशाला हात शिणवावा? रोज तोच आकडा ते भरून टाकत. याला आळस म्हणायचा की पोटात दडलेली भीती, हे माझं मलाही ठरवता आलेलं नाही. त्यांनी तो एक थेंब ठेवला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

काकूंनी एका गुरुवारी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर गोलगोल रेघ काढायला लावली, ती करवतीसारखी आली. "जिवाला काही धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळीनं थोडा फरक पडेल. पण काका, बारीक काम आता सोडा." बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "ऐकलंत ना?" काकांनी रिक्षाला हात केला.

त्याच दिवशी विभागात सरांना घाईनं थोडे आकडे हवे होते. काका रजेवर, म्हणून नियम बाजूला ठेवून धाकट्या मॅडमनं स्वतः थेंब ठेवले. तिच्याच कागदावर. सगळे गोल बसले.

दुसऱ्या दिवशी काका गेले तेव्हा ती स्टुलावर बसून होती, डोळे सुजलेले. "काका, सगळं बिघडलं," ती म्हणाली. "कागद परत पाणी झिडकारतायत. माझीच चूक. ट्रीटमेंट झाल्यावर उघड्यावर ठेवले. हवेतला धूर, तेलकट वाफ, सगळं कार्बनवर बसतं, आणि पाणी परत नको होतं. मला माहीत होतं, तरी ठेवले."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. कार्बनचा पृष्ठभाग तसा आहेच, हवेतलं नको ते ओढून घेणारा. मोठ्या सरांनाही ते पटलं. त्यांनी लगेच पुढचं आखून टाकलं. हवाबंद पेटी आणायची, कागद नायट्रोजनमध्ये ठेवायचे, हवेनं किती दिवसांत काय होतं ते तपासायचं. पदवी लांबणार, वर्ष तर नक्कीच. "असेल, हवेनंच असेल, नाही का काका?" सरांनी विचारलं.

"असेल," काका म्हणाले.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी कच्चा कागद काढला. ताजा, जांभळा उजेड न बघितलेला. त्याच्यावर त्यांनी थेंब ठेवला आणि पडद्याकडे बघितलं. थेंब चपटा होता. कोपराखाली जाड पुस्तक घेऊन पुन्हा ठेवला. चपटा. श्वास रोखून ठेवला. चपटा. आयुष्यात कधी ज्या कागदानं पाण्याला हो म्हटलं नाही, तो त्यांच्या हाताखाली हो म्हणत होता.  हवेनं काही बिघडवलेलं नव्हतं. जांभळ्या उजेडानं मुळात काही केलंच नव्हतं. इतके महिने त्यांचा हात थेंब आपटत होता, पाणी नळ्यांच्या जाळीत दाबून घुसवत होता, आणि पोर त्या आकड्यांवर मजले चढवत होती.

बोलायचं तर तेव्हाच, सगळे जेवून आल्यावर, बोलायला हवं होतं. त्यांनी टेबल पुसलं आणि डबा उघडला. 

घरी त्यांनी काकूंना सांगितलं. त्यांना वाटलं होतं, काकू म्हणतील, सांगून टाका आणि बसा घरी. पण काकूंनी निवडायची भाजी पुढ्यात ओढली. मग म्हणाल्या, "सगळे हवेनं म्हणतायत ना? मग म्हणू दे. चार लोकांत तुमची शोभा झालेली मला नाही बघवणार. प्रकृतीचं कारण सांगा आणि मानानं बाहेर पडा."

"आणि ती पोर?"

"ती तरुण आहे. निघेल त्यातून."

काकांनी ते ऐकलं, कारण ऐकायला बरं वाटत होतं. राजीनामा द्यायचा, पुन्हा एकदा शाल घ्यायची, कॉरिडॉरमधून नमस्कार करत जायचं. मोडलेला हात कुणी बघणार नाही. पुढचे काही दिवस ते रोज मनाशी तेच घोळवत कामावर गेले.

पण समोर रोज ती होती. हवाबंद पेटीचे रबरी हातमोजे तिला मोठे व्हायचे, ती त्यात हात घालून बाटल्यांची झाकणं घट्ट करत बसायची. बाटल्या तीनतीनदा धुवायची. जेवायला जायचं तिनं सोडलं होतं. येईल त्याला सांगायची, माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. एकदा फोनवर आईला सांगत होती, "नाही गं, दुसऱ्या कुणाची नाही, माझीच चूक," आणि काका दोन हातांच्या अंतरावर बसून चहा पीत होते. चहा कडू लागला. त्यांचं मन त्यांना खात होतं, आणि ज्याला मन खातं त्याला शाल कुठून गोड लागणार?

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हाक मारली. "पोरी, इकडे ये जरा."

"नंतर काका. ही बाटली बंद करते."

"बाटली राहू दे. कच्चा कागद आहे ना तुझ्याकडे? त्याचा तुकडा काप. तुझ्या हातानं काप आणि इथं ठेव."

तिनं कापून आणला. "याला काही दिलेलं नाही हां काका. कच्चा आहे."

"यावर थेंब ठेवला तर?"

"गोल बसेल. काका, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मग बघ. पडद्याकडे नको. इकडे बघ."

आणि काकांनी सिरिंज उचलली. या वेळी त्यांनी डाव्या हातानं मनगट धरलं नाही. सुई खाली जाताजाता फडफडू लागली, टोक टिकटिक करत टेबलाच्या फरशीवर आपटलं, थेंब मध्येच सुटला. पडद्यावर तो चपटा दिसला.

ती पडद्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे, मग हाताकडे. ती हुशार होती, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"केव्हापासून?"

"तुझे पहिले कागद आले त्याच्या आधीपासून."

"म्हणजे सगळेच आकडे?"

"सगळेच."

"आणि कच्च्याचा? तो तर बरोबर येत होता."

"तो पाठ होता. ठेवून बघितलाच नाही, नुसता भरत गेलो."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी वर्षभर हवेच्या मागे लागणार होते, काका. तुम्हाला केव्हा कळलं हे?"

"तू ज्या दिवशी रडत होतीस, त्या दिवशी दुपारी."

"आणि तरी तुम्ही शेजारी बसून माझं ऐकत होतात?"

"हो."

काकांना वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. काकांनी सिरिंज ठेवून दिली, चष्मा काढून खिशात ठेवला. जे करायचं होतं ते करून झालं, आता ते घरी जाणार होते. पाय मात्र निघेना.

ती परत आली, दुसरं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली आणि कपाटातली दुसरी सिरिंज काढली.

"पुन्हा ठेवा," ती म्हणाली.

"काय?"

"एका थेंबानं काही कळत नाही. कच्च्या कागदावर तुम्ही ठेवा, शेजारी मी ठेवते. मग माझ्या कागदांवर. सगळ्यांवर. तुमचा हात किती चुकवतो ते कळल्याशिवाय माझं काय खरं आणि काय खोटं, ते मला कधीच समजणार नाही."

काकांनी याचा विचारच केला नव्हता. एकदा हात दाखवायचा आणि संपवायचं, एवढीच त्यांची तयारी होती. तो हात कुणासमोर पुन्हा पुन्हा उचलावा लागेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी चष्मा परत लावला आणि सिरिंज घेतली.

त्यांचा थेंब पसरला. तिचा, बोटभर अंतरावर, गोल बसला. पुढचा कागद. त्यांचा पसरला, तिचा गोल. मग जांभळा उजेड दिलेले कागद आले, आणि त्यांच्यावरही तिचे थेंब एकामागून एक गोलच बसू लागले. प्रत्येक थेंबागणिक तिचं स्वतःचं काम मोडत होतं, तिला ते दिसत होतं, आणि ती पुढचा थेंब तितक्याच हळुवारपणे ठेवत होती. जेवून आलेली माणसं दारात थबकली. मोठे सर आले, काही विचारणार होते, पडदा बघून तिथंच उभे राहिले. सगळ्यांसमोर काकांचा हात पानासारखा थरथरत होता आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यांचे डोळे भरून आले. समोरचा थेंब दिसेना, म्हणून पुसायला ते सिरिंज खाली ठेवू लागले.

"खाली ठेवू नका," ती म्हणाली. तिनं आपल्या ओढणीच्या टोकानं त्यांचे डोळे पुसले, चष्मा नीट बसवला आणि पुढचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "अजून बरेच राहिलेत, काका."